शेठजींना विचारलेला प्रश्न

एकदा एका डोंगरी खोऱ्यात एकाच वर्षी अकरा माणसांनी आपले जीवन संपवले. लोक हबकून गेले. कोणी म्हटले देवाचा कोप, कोणी म्हटले जागेचा दोष. त्या खोऱ्यात एक वृद्ध वैद्य राहत असत. त्यांनी आपल्या शिष्येला, भार्गवीला, जवळ बोलावले.

"कोप आणि दोष राहू दे," ते म्हणाले. "जे गेले त्यांच्या घरी जा. मागे राहिलेल्यांचं ऐक. कोणत्या माणसांवर ही पाळी येते ते शोधून काढ. कुणाला बोल लावू नकोस."

भार्गवीने तीन वर्षे सत्तावीस गावे पायाखाली घातली. रडणाऱ्यांजवळ ती गप्प बसून राही, आणि ते बोलू लागले की लिहून घेई. परतली तेव्हा तिची वही भरली होती.

"गुरुजी, यात बायको गेल्यावर एकटे पडलेले म्हातारे जास्त आहेत. माहेरापासून लांब दिलेल्या, सासरी मार खाणाऱ्या मुली आहेत. लढाईवरून परतलेले शिपाई आहेत, वर्षानुवर्षं दुखणं सोसणारे आहेत. आणि ज्यांनी आधी एकदा प्रयत्न केला होता, त्यांना धोका सर्वांत अधिक."

वैद्यांनी ती वही दोन दिवस वाचली आणि मग दोघांनी कामाची आखणी केली. शिपायांची दर आठवड्याला बैठक भरू लागली. सासुरवाशिणींचा निरोप माहेरी पोचवायची सोय झाली. एकट्या वृद्धांच्या घरी रोज कोणीतरी डोकावू लागले. पुढच्या वर्षी अकराचे चार झाले. भार्गवीला कृतार्थ वाटले.

अशात एके दिवशी सकाळी दोघे बाजारातून चालले असता वैद्य अचानक रंगनाथशेठांच्या दुकानात शिरले. शेठ तांब्यापितळेच्या भांड्यांचे व्यापारी. साठी उलटलेली, पण हसणे खणखणीत. पत्नी, धाकटा भाऊ, मुले, नातवंडे, सगळे गोकुळ. नातीचे लग्न दहा दिवसांवर आले होते. भार्गवीच्या वहीतले एकही कारण त्या घराला लागू नव्हते.

"या वैद्यबुवा! अक्षता घेऊनच आलात की काय?" शेठ हसून म्हणाले.

"जरा आत बसू या, शेठ."

आतल्या खोलीत बसल्यावर वैद्यांनी त्यांच्याकडे पाहिले आणि साध्या, शांत आवाजात विचारले, "शेठ, जगणं नकोसं झालंय का? जीव द्यावा असं मनात येतं का?"

भार्गवीने चमकून गुरुजींकडे पाहिले. लग्नघरात असे अभद्र बोलणे! आणि उद्या या भल्या माणसाच्या मनात खरोखरच तसले काही आले तर?

शेठ मोठ्याने हसले. मग ते हसू अर्ध्यावरच थांबले. बराच वेळ ते आपल्या तळहातांकडे पाहत राहिले.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणीही नाही. म्हणून तर तुम्हाला विचारतोय."

"वैद्यबुवा, काही झालेलं नाही हो. काहीसुद्धा नाही. पण दोन महिने झाले, डोळे उघडले की छातीवर धोंडा असतो. जेवण मातीसारखं लागतं. भरल्या घरात हे सांगू कुणाला? लोक म्हणतील, सुख बोचतंय. म्हटलं, पोरीचं लग्न तेवढं उरकू दे, मग..."

ते रडू लागले. वैद्यांनी त्यांचा हात हातात घेतला. समजूत घातली नाही, की उपदेश केला नाही. शेठ पुरते रडून झाल्यावर ते म्हणाले, "हे आजारपण आहे, शेठ. यावर उपाय आहेत. आज संध्याकाळपर्यंत मी इथून हलत नाही. पण घरातलं एक माणूस आपल्याला बरोबर हवं. कुणाला बोलावू?"

"धाकट्याला," शेठ पुटपुटले.

भाऊ आला. सगळे ऐकून तो थोरल्या भावाला बिलगून बसला. त्या दिवसापासून शेठांना कोणी एकटे सोडले नाही. त्यांच्याच संमतीने घरातले धोक्याचे सामान हलवले गेले. औषध सुरू झाले. वैद्य रोज येऊन बसत.

त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी परतताना भार्गवीने विचारले, "गुरुजी, माझी वही चुकली का?"

"मुळीच नाही. वही नसती तर आणखी सात माणसं गेली असती. आधी कोणत्या घरी धावायचं, हे तिनेच शिकवलं. पण ती समूहाबद्दल सांगते, भार्गवी. समोर बसलेल्या एकट्या माणसाच्या मनात काय चाललंय, हे तिला ठाऊक नसतं. काल शेठ काही कारण नसताना माझ्या पाया पडून गेले. आपली जिवापाड जपलेली तबलाजोडी त्यांनी भजनी मंडळाला देऊन टाकली. मला खात्री नव्हती, शंका आली. म्हणून विचारलं."

"पण विचारल्यानेच तो विचार मनात शिरला असता तर?"

"तरुणपणी हीच भीती मलाही होती. माझ्या एका गुरुबंधूला मी त्या भीतीपोटी विचारलं नाही. तो विचार त्याच्या मनात आधीपासूनच होता, आणि त्याच्याशी एकटाच झुंजत तो गेला. आपण विचारतो तेव्हा माणसाला सोबत मिळते. एवढंच आपल्या हाती असतं, आणि पुष्कळदा ते पुरतं."

शेठांना बरे वाटायला पाच महिने लागले. मध्ये काही दिवस फार वाईट गेले. पण तेही गेले. नातीच्या लग्नात ते मांडवात बसले होते, हसत नव्हते, पण होते. पुढे हळूहळू जेवणाला चव आली.

त्यानंतर काही दिवसांनी भार्गवी गावच्या सुईणीकडे, कृष्णाक्कांकडे, काही निरोप घेऊन गेली. पंचक्रोशीतल्या प्रत्येक घरी अडीनडीला धावणारी ही बाई त्या दिवशी चुलीपुढे नुसतीच बसली होती. चूल पेटलेली नव्हती. भार्गवी निरोप सांगून वळली, उंबऱ्यापाशी थबकली आणि परत आली.

"आक्का, रागावू नका. जगणं नको असं कधी वाटतं का हो तुम्हाला?"

कृष्णाक्का तिच्याकडे पाहतच राहिल्या. मग त्यांनी पदराने तोंड पुसले.

"नाही गं पोरी. तसं नाही. दमलेय मात्र फार. पण इतक्या वर्षांत मला कुणी काही विचारलंच नव्हतं बघ."

त्यांनी भिंतीशी टेकवलेला पाट पुढे ओढला. भार्गवी बसली.