दहा दिवसांची पट्टी

विणकरांच्या एका गावात अंबादास नावाचा एक गडी होता. तो विजेने सूत काढायचा. खोटं वाटेल, पण खरंच. सुईच्या टोकाशी औषधाचा चिकट थेंब यायचा. सुईत विजेचा जबर दाब सोडला की तो थेंब समोरच्या थाळीकडे ओढला जायचा आणि ओढता ओढता त्याचा तंतू व्हायचा, केसाहून कितीतरी बारीक. थाळीवर तंतू साचून सायीसारखा पापुद्रा धरायचा. तोच पट्टी म्हणून जखमेवर बांधायचा. तंतूत कोंडलेलं औषध रोज थोडं थोडं झिरपायचं. दहा दिवस पट्टी उघडायची नाही, एवढंच पथ्य.

या कामाला दमट हवा चालत नाही. तंतू वाटेत नीट सुकत नाही आणि त्याला मण्यांसारख्या गाठी पडतात. औषध त्या गाठींत साचतं आणि दोन दिवसांत सगळं वाहून जातं. वरून बघाल तर पट्टी तशीच पांढरीशुभ्र; गाठी दिसतात त्या फक्त सूक्ष्मदर्शकाखाली. म्हणून अंबादासने खिडकीशी भाजलेला पापड टांगला होता. पापड सादळला की यंत्र बंद. या युक्तीचं त्याचं त्यालाच भारी कौतुक होतं.

त्याच गावात नरसूतात्या राहायचे. अंबादासला हातमाग शिकवला तो त्यांनी. सुतात गाठ राहिली की वीतभर विणलेलं उसवायला लावायचे, वर चार शब्द सुनावायचे. सत्तरी उलटली तरी पायाखालच्या पावड्या दाबत माग चालवत होते. पण साखरेचा आजार होता, आणि तळपायाला जखम झाली ती भरेना. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी अंबादासला पट्टी करायला सांगितली. हवा बरी नसेल तर सांगा, तोवर साधी पट्टी रोज बदलत राहू, असंही त्या म्हणाल्या.

पण अंबादास आधीच तात्यांना छातीठोक सांगून आला होता, की उद्या माझ्या हातची पट्टी तुमच्या पायाला.

दुसऱ्या दिवशी आभाळ गच्च भरून आलं. पापड चिंधीसारखा लोंबत होता. अंबादासने तो पाहिला आणि तिकडे पाठ केली. यंत्र चालू झालं. पट्टी तयार झाली, देखणी झाली. सूक्ष्मदर्शक टेबलावरच होता, पण त्याने त्यावरचं फडकं काढलं नाही. काय दिसेल ते त्याला ठाऊक होतं.

पट्टी बांधली. दोन दिवसांत ठणका थांबला, तात्या खूश झाले. अंबादासला वाटलं, सुटलो बुवा.

सहाव्या दिवशी तो भेटायला गेला, तर तात्यांच्या अंगात कणकण होती आणि पाऊल सुजलं होतं. सून पायाशी बसली होती. डॉक्टरीणबाईंना बोलावून पट्टी उघडावी का, असं तिने त्याला विचारलं. एक हो म्हणायचं होतं. पण हो म्हटलं की का, तेही सांगावं लागणार.

“राहू द्या, वहिनी,” तो म्हणाला. “दहा दिवस उघडायची नसते.”

“तो म्हणतोय ना, मग झालं,” तात्या म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले.

दहाव्या दिवशी पट्टी सोडली. वासानेच सगळ्यांना कळलं. गुडघ्याखालून पाय कापावा लागला.

तात्या कुणाला बोल लावेनात. आपलीच साखर वाईट, पोराची पट्टी चांगली होती, असं येईल त्याला सांगायचे. ते ऐकून अंबादासला अन्न गोड लागेना. महिन्याभराने तो खाटेशी जाऊन बसला आणि सगळं बोलून मोकळा झाला. पापड, गाठी, न काढलेलं फडकं. रडला, पाया पडायला वाकला आणि एकाच पावलापाशी त्याचा हात थबकला.

“गाठ राहिली, ते एक वेळ समजतं रे,” तात्या म्हणाले. “पण माझ्या सुनेने तुला विचारलं होतं.”

मग त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. अंबादास नंतर कितीदा आला. तात्यांनी पुन्हा त्याच्याकडे पाहिलं नाही. कोपऱ्यातल्या मागावर अर्धं विणलेलं लुगडं तसंच होतं.

तात्पर्य: चूक हातून घडते, पण ती लपवणं आपण रोज नव्याने ठरवत असतो, आणि सांगण्याची वेळ निघून गेली की कितीही खरं बोललं तरी गेलेलं परत येत नाही.