धुरपाबाईची देवळी

या, बसा. फक्त त्या भिंतीला टेकू नका. ती धुरपाबाईची भिंत. घर केव्हाच गेलं, छप्पर गेलं, पण एवढी एक भिंत गावाने पडू दिली नाही. दरवर्षी पावसाआधी आम्ही तिला माती लावतो, वर गवताचं छप्पर घालतो. भिंतीत ती देवळी दिसते ना, फळीने झाकलेली? तिच्यात दिवा नाही आणि देवही नाही, माश्या आहेत. सातेरी म्हणतात त्यांना. अंधारात राहणाऱ्या, गरीब स्वभावाच्या मधमाश्या. आमच्या रानवळ्यात प्रत्येक घराला अशी एक देवळी असते. बाहेरून माश्यांना ये-जा करायला करंगळीएवढं भोक आणि घरात, आतल्या अंगाला, लाकडाची फळी.

तुम्ही नेमके दिवाळीच्या पाडव्याला आलात, म्हणून आज सगळं बघायला मिळेल. दुपारपर्यंत फराळाला कुणी हात लावत नाही. आधी बाया फळी काढतात, एका अंगाची पोळी कापून घेतात, दुसऱ्या अंगाची तशीच ठेवतात आणि फळी बसवून फटी शेणमातीने लिंपतात. पुढे थंडीचे दिवस. पौषात या डोंगरावर गवताच्या पात्यावर दव गोठतं, रानात फूल औषधाला सापडत नाही. आत जे ठेवलं तेच माशीने शिमग्यापर्यंत पुरवून खायचं. लिंपून झालं की बाई फळीवर तळहात ठेवते आणि मोठ्याने म्हणते, "ऐकू येतंय."

शहरातली माणसं इथे हसतात. ऐकायचं तर कान लावावा, हात कशाला? तुम्हीही हसलात, बघितलं मी. हसा बापडे. मीही लहानपणी हसलो होतो आणि आजीचा रट्टा खाल्ला होता.

फार जुनी गोष्ट. साल कुणाला ठाऊक नाही. या घरात धुरपाबाई आणि तिची एकुलती लेक साळू अशा दोघीच राहायच्या, असं सांगतात. साळूचा बाप माश्यांचा जाणता होता. तो मरताना आपली विद्या लेकीला देऊन गेला. धुरपाबाईला त्यातलं फारसं कळायचं नाही. ती आपली चूल आणि नाचणीचं शेत बघायची.

साळू लग्न होऊन खिंडीपलीकडच्या गावात गेली. पहिल्या दिवाळीला माहेरी आली तेव्हा तिला सातवा महिना होता. पाडव्याला तिनेच देवळी उघडली. एका अंगाची पोळी कापली, दुसऱ्या अंगाला हात लावला नाही.

"आये, ह्यो त्यांचा वाटा," ती म्हणाली. "पौषात त्यांनी काय आपल्या दारात जोगवा मागायचा?"

मग तिने आपल्या हाताने फळी लिंपली. मध गाळून तांब्यात भरला, तो अर्धाच झाला.

इथेच घोडं पेंड खातं. त्या काळी आमच्याकडे रीत होती, पहिल्या दिवाळीची लेक सासरी निघाली की तिच्याबरोबर मधाचा तांब्या द्यायचा, आणि तो काठोकाठ भरलेला. अर्धं भांडं दिलं तर लेकीचा संसार अर्ध्यावर राहतो, असं बाया मानायच्या. त्यात साळू पोटुशी. धुरपाबाईच्या जिवाला घोर लागला. माश्यांचं काय, किड्यामुंगीला देव देतो, माझ्या लेकीला मीच द्यायला हवं, असं तिला वाटलं असणार. आईचंच काळीज ते. दुसऱ्या दिवशी साळू पाणवठ्यावर गेली तेवढ्यात तिने ओलं लिंपण काढलं, उरलेली पोळी कापली आणि पुन्हा होतं तसं लिंपून ठेवलं.

भाऊबीज झाली. भातकापणी तोंडावर म्हणून सासरचे न्यायला आले. साळूने तांब्या उचलला आणि थबकली.

"एवढा मध कुठला गं?"

"शेजारच्या शेवंताकडनं घेतला उसना."

"आपल्या देवळीला हात न्हाई ना लावलास?"

"न्हाई गं बाई," धुरपाबाई म्हणाली.

मार्गशीर्षात मिठाचे बैल घेऊन व्यापारी खिंडीतून आले. त्यांच्याबरोबर साळूचा निरोप होता, माश्या कशा आहेत? धुरपाबाईने उलट निरोप धाडला, "बऱ्या हायत." तिला खरंच तसं वाटत होतं की नाही, देव जाणे. देवळीकडे ती फारशी बघत नसे, एवढं मात्र सांगतात.

पौषात साळूला बाळंतपणाला आणलं. डोलीतूनच आणावं लागलं, अंगात ताप फणफणत होता. सुईण नाडी बघून म्हणाली, आता देवाच्या हवाली. साळूने एकच मागणं मागितलं, "आये, माझं हातरूण देवळीपाशी घाल. मला त्यांचा आवाज ऐकायचाय."

धुरपाबाईने या इथे अंथरूण घातलं. साळू कोपरावर उठली आणि तिने फळीला कान लावला.

आता हे नीट ऐका. कडाक्याच्या थंडीत माश्या गप्प नसतात. सगळ्या एकमेकींना धरून गोळा होऊन बसतात आणि हलक्या घुमत राहतात, त्याच उबेवर जगतात. मोहोळ गप्प झालं म्हणजे संपलं. हे साळूला बापाने शिकवलं होतं. धुरपाबाईला ठाऊक नव्हतं.

साळू बराच वेळ कान लावून होती. धुरपाबाई जवळ सरकली. ती म्हणाली, "थंडीनं गप बसल्या असतील, न्हवं?"

साळूने आईच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "न्हाई आये. ऐकू येतंय. बऱ्या हायत."

धुरपाबाईला केवढं हायसं वाटलं म्हणे. तिने लेकीच्या कपाळावरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी दुपारी साळू गेली. बाळाने तर डोळेसुद्धा उघडले नाहीत.

तेराव्याला पान वाढायचं होतं. साळूला मध आवडायचा, देवळीत बोटभर तरी नवा साठला असेल, म्हणून धुरपाबाईने फळी काढली. आत तळाशी माश्यांचा खच पडला होता. पोळ्यावर ज्या होत्या, त्यांची डोकी रिकाम्या घरांत खुपसलेली आणि शेपट्या बाहेर. शेवटचा थेंब शोधता शोधता मेल्या होत्या. खालच्या माश्या वाळून पार कुरकुरीत झालेल्या. त्या साळू यायच्या कितीतरी आधी मेल्या होत्या, हे बिनविद्येच्या बाईलाही कळलं. आणि मग लेक काय बोलली होती, तेही कळलं.

ती रडली नाही, ओरडली नाही. पान वाढायला जमलेल्या बायांसमोर फळी हातात धरून एवढंच म्हणाली, "म्या तिला फशिवलं गं. आन तिनं जाता जाता मला सांभाळलं."

त्यानंतर धुरपाबाईने जन्मात गोड खाल्लं नाही. दर पाडव्याला ती रिकामी देवळी झाडायची, आत मेण फासायची, वाटीत गुळाचं पाणी ठेवायची आणि फळी लिंपून तिला कान लावायची. लोक म्हणायचे, म्हातारीला वेड लागलं. वर्षं गेली. घराघरांतल्या देवळ्या भरल्या, ही एक रिकामी राहिली. म्हातारीचे कान गेले. मग एका फाल्गुनात शेवंताच्या सुनेने बघितलं, या भिंतीच्या भोकातून माश्या ये-जा करतायत. तिने धुरपाबाईला हाताला धरून आणलं. म्हातारीने फळीला कान लावला. काही नाही. दुसरा लावला, तरी काही नाही. मग तिने फळीवर तळहात ठेवला. लाकूड बारीक थरथरत होतं. म्हातारी मोठ्याने म्हणाली, "ऐकू येतंय, साळे. ऐकू येतंय."

त्या माश्यांचा मध तिने चाखला नाही. पण मरण्याआधी घरोघर जाऊन तिने बायांकडून एक शब्द घेतला. तो शब्द गावाने पाळलाय.

आजही रानवळ्याची लेक पहिल्या दिवाळीची सासरी निघते तेव्हा तिच्या हातात अर्धाच तांब्या असतो. व्याही मंडळींना ठाऊक आहे, कुणी नाक मुरडत नाही. उंबऱ्यावर लेक विचारते, "घरी किती ठेवलास?" आणि आईने सांगायचं, "तुला दिला तेवढाच." एरवी आम्हीही चार खोटं बोलतो, माणसंच आहोत. ह्या उत्तरात बोलत नाही.

माझी मुलगी निघाली, तेव्हा तिची आई हयात नव्हती. ती उंबऱ्यावर थांबली. विचारावं की नाही, तिला कळेना. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा, घरी किती ठेवलास?" मी देवळीकडे बोट केलं. ती तांब्या धरून उभीच राहिली, सांगितल्याशिवाय हलेना. मग मी तोंडाने म्हणालो, "तुला दिला तेवढाच."