रायाजी पाटलाचं मधलं शेत

रायाजी पाटलाने आपल्या रानाच्या ऐन मधला तुकडा शेजारच्या सटवाजीला विकला, आणि खरेदीखत झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी बांधावर आडवा उभा राहिला.

"शेत तुझं, सटवाजी. पण चहूबाजूंची जमीन माझी. शेत विकलं, वाट कुठं विकली?"

सटवाजी बैल घेऊन माघारी आला. पेरणी तोंडावर होती. हा वैतागून शेत मातीमोलाने परत देईल, असा पाटलाचा डाव. सटवाजीची लेक राही तो ओळखून होती. ती बापाला घेऊन थेट जहागीरदारांपुढे उभी राहिली.

मुलखात इंग्रजांचा अंमल बसला होता, तरी जहागिरीत सरकार म्हणजे जहागीरदारच. त्यांचा शब्द एकदा तोंडातून निघाला की ते स्वतःसुद्धा मागे घेत नसत. एकदा भर वैशाखात ते "आज गारठा आहे" म्हणून गेले, तर सगळी कचेरी दिवसभर शाली पांघरून घाम पुसत बसली.

राही म्हणाली, "सरकार, निवाडा काहीही द्या. फक्त शेतात उभं राहून द्या."

दुसऱ्या दिवशी सरकार घोड्यावरून मधल्या शेतात आले. मागे कारभारी, छत्रीवाला आणि हुक्केवाला. खत वाचून झालं. वाटेचा त्यात उल्लेखच नव्हता.

"मग संपलं," सरकार म्हणाले. "या शेतात येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाचंही पाऊल रायाजीच्या जमिनीवर पडता कामा नये. माणसाचं नाही, जनावराचं नाही."

रायाजी मिशीतल्या मिशीत हसला. सरकारांनी घोडा वळवला, तशी राहीने पुढे होऊन लगाम धरला.

"सरकार निघाले कुठं?"

"जेवायला. वाड्यावर भरली वांगी केलीत."

"पण घोड्याचं पाऊल पाटलांच्या जमिनीवर पडेल की."

सरकारांनी चारी दिशांना पाहिलं. जिकडेतिकडे पाटलाचंच रान. छत्रीवाल्याने उचललेला पाय तसाच हवेत धरला.

रायाजी घाईघाईने म्हणाला, "सरकारांना कोण अडवतंय? माझी परवानगी आहे."

"माझा शब्द मोडायची परवानगी तू देणार?" सरकार कडाडले आणि घोड्यावरून उतरून ढेकळावर बसले.

ऊन चढलं. हुक्का विझला. सरकारांना खांद्यावरून न्यावं, असं कारभाऱ्याने हळूच सुचवलं.

"आणि पाऊल कुणाचं पडेल? तुझंच ना?"

राहीने शिदोरी सोडून भाकरी-ठेचा पुढे ठेवला. पहिल्याच घासाला सरकारांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पोरी, यातून सुटायचं कसं?"

"सोपं आहे, सरकार. पाटलांच्या जमिनीवर पाऊल नको, असा आपला शब्द. गाडी जाईल एवढी पट्टी पाटलांची राहिलीच नाही, आमच्या शेताला जोडली गेली, तर शब्दही मोडत नाही आणि वांगीही निवत नाहीत."

सरकार असे हसले की ठसका लागून राहीलाच पाणी द्यावं लागलं.

"रायाजी, आत्ताच्या आत्ता पट्टी आखून दे. आणि फुकट दे. मला उन्हात बसवलंस."

पाटील काठीने रेघ ओढत पुढे, सरकारांची स्वारी मागे, अशी ती वाट तयार झाली. दिवस मावळायच्या आत सरकारांच्या गोठ्यातली खिल्लारी जोडी राहीला बक्षीस म्हणून त्याच वाटेने शेतात आली.