आडवेळच्या चिरीत गाठ बांधत नाहीत

आडवेळच्या टोकाला डोंगराचा एक कडा समुद्रात उतरतो. त्याच्यासमोर काळ्या खडकाचे लांबट बेट आहे. कडा आणि बेट यांच्यामधून पाण्याची जी चिंचोळी वाट जाते तिला गावात चीर म्हणतात. दोन मोठ्या होड्या शेजारून जाऊ लागल्या तर खलाशी एकमेकांना तंबाखू देऊ शकतील, एवढीच तिची रुंदी. बेटाच्या पलीकडे पाण्याखाली खडकांची रांग आहे. त्यामुळे खाडीत शिरायचे तर याच वाटेने, आणि बाहेर पडायचे तरी याच वाटेने.

बेट पाहायला येणाऱ्यांना दाजी कुबल आपल्या होडीतून नेतात. चीर जवळ आली की ते इंजिन मंद करतात आणि मागे वळून सांगतात, “गाठी सोडा.”

मग सगळे बुटांच्या नाड्या सोडतात. पिशव्यांची तोंडे मोकळी होतात, बायका ओढणीची गाठ सोडतात. दाजी स्वतः डोक्याचा रुमाल सोडून मांडीवर घेतात. होडीवरचे दोरही नुसते वेटोळे करून ठेवलेले असतात.

“लाइफ जॅकेटचं काय?” एके दिवशी एका तरुणाने विचारले.

“बकल चालता. गाठ नको.”

“आणि पायजम्याची नाडी?” कोणीतरी मागून म्हणाले.

“ती हातात धरून बसा,” दाजी म्हणाले. “बुडालात तर मी काढीन, पण ती गेली तर मी बघूचंय नाय.”

हसणे ओसरल्यावर एका बाईंनी, हे सगळे कशासाठी, असे विचारले. दाजींनी इंजिन बंद केले. भरतीचे पाणी होडीला हळूहळू आत ओढत होते. ही हकिकत त्यांनी अनेकदा सांगितली असावी. थकलेला माणूस ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतो, तसे ते सांगत होते.

फार पूर्वी, असे सांगतात, या खाडीत वर मोठे बंदर होते. आता तिथे खारफुटी आहे. त्या काळी मस्कतेहून खजूर यायचा, तांबे यायचे, घोडे यायचे. मलबाराकडून मिरी आणि काथ्याचे जाड दोर यायचे. घाटावरून बैलांचे तांडे तांदूळ आणि कापड घेऊन उतरायचे. बंदर वरच्या सुभेदाराचे, पण चिरीची राखण आडवेळच्या नाईकांची. गलबतांना खडक दाखवायचे आणि पाण्याची ओढ सांगायची, एवढेच त्यांचे काम. येणारेजाणारे त्यांना ओळखत, पण कोणी मान वळवून बघत नसे.

राघो नाईक राखणदार होता तेव्हाची ही गोष्ट. त्याचा धाकटा भाऊ केरू याला सुभेदाराने धरून नेले. अपराध काय, ते कोणी सांगत नाही. शब्दाला शब्द लागला होता म्हणे. राघो बंदरात गेला, उन्हात उभा राहिला, पाया पडला. त्याला दारातूनच परत पाठवले.

परत आल्यावर त्याने सागाचे ओंडके काढले. ते एकमेकांना जोडून त्याने चिरीत आडवे टाकले. एक टोक बेटावरच्या खडकात पक्के केले आणि दुसरे कड्याखालच्या सुळक्याला काथ्याच्या दोराने बांधले. गावच्या होड्या जायच्या तेव्हा तो स्वतः जाऊन गाठ सोडी. ओंडक्यांची रांग पाण्याबरोबर बाजूला सरके, होड्या गेल्या की तो ती ओढून पुन्हा बांधी. बाकी कोणाला वाट नव्हती. “भावाला सोडा, वाट सोडतो,” एवढा निरोप त्याने वर धाडला.

मग जे झाले त्याची कल्पना राघोलाही नव्हती. बाहेर गलबतांची गर्दी झाली. बंदरात पडून राहिलेल्या तांदळाच्या पोत्यांत किडे झाले. घाटाखाली तांडे अडले, बैलांना चारा मिळेना. घाटावरच्या बाजारात मीठ मिळेनासे झाले. मस्कतेत लोक रोज धक्क्यावर येऊन तांदळाची वाट बघत होते म्हणे. ज्यांनी आडवेळचे नावही ऐकले नव्हते अशा माणसांच्या चुली या चिरीवर पेटत होत्या, आणि ते त्यांना माहीत नव्हते. राघोलाही माहीत नव्हते.

सुभेदाराने केरूला सोडले. कोठडीतून तो वाकून आला, मनगटांवर दोरीचे वळ घेऊन. गाव काठावर जमला. सगळ्यांना वाटले, आता ओंडके निघणार.

ते निघाले नाहीत.

राघो वाईट नव्हता, असे दाजी म्हणाले. पण ज्याला दारातून हाकलले होते त्याच्या अंगणात आता सुभेदाराचा कारभारी मांडी घालून बसत होता. परमुलखाचे वकील नारळ घेऊन येत होते. त्याला वाटले, अजून थोडे दिवस.

केरू बाहेरच्या गलबतांकडे बघत म्हणाला, “दादा, माका सोडवलंस. आता ह्येंकाय सोड.”

“कोठडीत रवान तू भित्रो झालंस,” राघो हसून म्हणाला.

राघोची बायको तानू मात्र हसत नव्हती. त्यांचा एकुलता मुलगा सोमा दिवाळीनंतर एका व्यापाऱ्याच्या गलबतावर खलाशी म्हणून मस्कतेला गेला होता. पावसाच्या आधी तो परत यायचा होता. “आपलो झिल भायर आसा,” ती रोज म्हणे. झिल म्हणजे मुलगा.

“येतलो तेव्हा सोडू,” राघो म्हणे. “गाठ माझ्या हातची आसा.”

आता समुद्रात काम करणाऱ्याला काथ्या म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. काथ्याचा दोर खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षे राहतो, आणि त्याची गाठ भिजली तरी सुटते. पण रोजच्या सोडण्याबांधण्याने राघोचा दोर झिजला. तसा जाड दोर गावात होत नसे, तो मलबाराकडून येई. मलबाराची गलबते राघोनेच बाहेर अडवलेली; वाट बघून कंटाळली आणि दोर घेऊन परत गेली. तेव्हा बायकांनी घराघरांतली अंबाडी जमवून दोर वळला. राघोने त्याच दोराने ओंडके बांधले. अंबाडीचा दोर बळकट असतो, उन्हात त्याची गाठ नीट सुटतेही. पण तो पाणी पितो. हे काय राघोला ठाऊक नव्हते? ठाऊक होते. पण वैशाख होता, आभाळ कोरडे होते, आणि काथ्या मिळेपर्यंतच चालवायचे होते.

पाऊस त्या वर्षी लवकर आला. दुपारी दक्षिणेकडून काळोख उठला, वारा फिरला आणि समुद्र उभा राहिला. बाहेर उरलेली गलबते खोल पाण्याकडे पळाली. एकच गलबत उलटे, किनाऱ्याकडे येत होते. त्याचे शीड फाटले होते. कड्यावरून तानूने ते ओळखले आणि ती ओरडत खाली धावली.

राघो सुळक्यावर पोचला होता. भरती चढत होती, ओंडके ताणले गेले होते, आणि अंबाडी फुगून गाठीचा दगड झाला होता. त्याने बोटे घातली, नखे गेली. सळई घातली, ती वाकली. गाठ त्याच्या हातची होती आणि त्याच्याच हाताला दाद देत नव्हती. गलबत बेटाच्या टोकाशी आले होते. सुकाणू धरलेले लोक दिसत होते. ओंडक्यांवर आदळले तर गलबत आडवे होणार, आणि शेजारी खडक.

“कोयतो दी,” केरू मागून म्हणाला.

“तू नको. माका तोडू दे.”

“तुझे हात बघ, दादा.”

राघोने हात पाहिले. त्यातून रक्त वाहत होते, कोयता त्यात राहिला नसता. ताणलेला दोर तोडणाऱ्याचे काय होते, ते दोघांनाही माहीत होते. दोर तुटला की ओंडका मोकळा सुटतो, आणि वाटेत जे असेल ते घेऊन जातो. आणि घाव घालायला जागा होती ती ओंडक्यावर बसूनच. केरू सरपटत ओंडक्यावर गेला. दोराचे पीळ एकेक करून सुटू लागले. शेवटचा पीळ तुटल्याचा आवाज वाऱ्यातही कड्यावर ऐकू आला म्हणे. ओंडक्यांची रांग दार उघडावे तशी आत फिरली, आणि तिच्या मागोमाग गलबत चिरीतून आत शिरले.

केरू कुठेच दिसला नाही.

“आणि मुलगा?” त्या बाईंनी विचारले. “तो होता ना गलबतावर?”

होडी चिरीच्या मध्यावर होती. दोन्ही बाजूंचा खडक इतका जवळ होता की त्यावरची कालवे दिसत होती.

“काही लोक सांगतात, नव्हता,” दाजी म्हणाले. “मस्कतेतच तापाने गेला होता असे सांगतात. मी तसे सांगत नाही. मी सांगतो, होता. तानू गुडघाभर पाण्यात उभी होती आणि तो उडी मारून तिच्याकडे आला.”

बाईंनी मान हलवली.

राघोने त्यानंतर चिरीत कधी काही बांधले नाही. ओंडके गावाने फोडून जाळले. सुभेदाराचे लोक पुन्हा मान न वळवता जाऊ लागले, आणि राघो पूर्वीसारखा त्यांना खडक दाखवत राहिला. तो पुष्कळ वर्षे जगला. त्याला तेवढे जगायचे नव्हते, असे सांगतात.

आजही आडवेळच्या चिरीत कोणी जाळे बांधत नाही, नांगर टाकत नाही. मोठे ट्रॉलरसुद्धा इथे दोर मोकळे करतात. त्यांच्यावरची पोरे मोबाइल बघत असतात, पण तांडेल ओरडला की गळ्यातल्या रुमालाची गाठ सोडतात. आखाताकडे कुठे अशीच एखादी चीर अडली की त्यांचे डिझेल महागते आणि होड्या किनाऱ्यावर पडून राहतात. तेव्हा दाजी कोणाला दोष देत नाहीत. तिकडेही कोणी तरी, अजून थोडे दिवस, म्हणत असेल, एवढेच म्हणतात.

केरूचा देह मिळाला नाही. रीतीप्रमाणे पळसाच्या पानांचा पुतळा केला आणि तिरडीवर ठेवला. राघो सुतळी घेऊन बांधायला वाकला तेव्हा केरूच्या बायकोने त्याचा हात धरला. सासरच्या वडीलधाऱ्याचा हात धरण्याची ती पहिलीच वेळ.

“तेका थंय कोठडीत बांधल्यानी,” ती म्हणाली. “आता हंय तरी बांधू नको. मोकळो जाऊ देत.”

तेव्हापासून आडवेळात तिरडीला गाठ मारत नाहीत. सुतळीचे नुसते वेढे देतात आणि टोके सोडून ठेवतात. खांदा देणारे चौघे एका हाताने बांबू धरतात आणि दुसरा हात वर, माणसावर ठेवतात, सरकू नये म्हणून. गेल्या पावसाळ्यात दाजींनी आपल्या बायकोला तशीच नेली. स्मशान काही लांब नाही, ते म्हणाले, पण वेळ लागतो. असे नेताना घाई करता येत नाही.