भागोजीची उसवणी

एका गावात एक भोळा कातारी होता. नाव भागोजी. लाकूड लेथवर चढवून त्याला आकार द्यावा तर त्यानेच. लाटणी, खुळखुळे, पाळण्याचे खूर, जे म्हणाल ते. हातात मोठं कसब होतं. पण सांगितलेलं काम तो अगदी सांगितल्याप्रमाणे करायचा. बायकोने एकदा "दुधावर लक्ष ठेवा" म्हटलं. त्याने ठेवलं. दूध उतू गेलं, तेही त्याने नीट लक्ष देऊन पाहिलं.

बायकोचं नाव सुंदरा. मुलगी एकच, कल्याणी. गावातल्या निम्म्या बायकांची पोलकी तिच्या मशीनवर शिवलेली. तिचं लग्न ठरलं. नवरा मुलगा दिगंबर चांगला होता. त्याची आई गोदाक्का, तीही चांगली होती, फक्त तिच्या मनाविरुद्ध काही झालं नाही म्हणजे.

गोदाक्का म्हणाली, "मुलगी पाठवा, मशीन नको. आमच्या घरात काही उसवलेलं नाही. आणि सुनेने लोकांचे कपडे कशाला शिवायचे?"

कल्याणीने दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी बोलली.

"आई, रुखवतात साखरेचा बंगला नको आणि खोबऱ्याच्या बाहुल्याही नकोत. चार तास मांडायचं आणि मुंग्यांना घालायचं. बाबांच्या हातची शिवणकामाची हत्यारं मांडू. माझं काम काय आहे ते सासूबाईंना दिसू दे. मग बघू कशा नाही म्हणतात मशीनला."

तिने शहरातून एक किट मागवलं. खोक्यात पितळी नळ्या, पोलादी टोकं, रोगणाची बाटली आणि एक कागद. लाकडी मुठी आपण करायच्या आणि टोकं त्यांत बसवायची. एक भोकं पाडायचा टोच्या, एक सुईघर आणि शिवण उसवायची चिमुकली दुहेरी टोकाची सुरी. कल्याणी तिला उसवणी म्हणायची.

भागोजीला वाचता येत होतं. तीच तर अडचण होती.

कागदावर लिहिलं होतं, 'नळी लाकडात चिकटवल्यावर चोवीस तास हात लावू नका.' भागोजीने नळ्या चिकटवल्या आणि दोन्ही हात वर करून ओसरीवर बसला. जेवण आलं, हात लावेना. माशी नाकावर बसली, हात लावेना. शेवटी सुंदराने घास भरवले.

"अहो, हे काय?"

"हात लावायचा नाही. अजून एकोणीस तास आहेत."

"अहो, ओल्या वस्तूला लावायचा नाही! ओली असेल तर ती सुकेपर्यंत थांबायचं, मग उचलायची. कळलं?"

"कळलं," भागोजी म्हणाला.

त्याला कळलं की घरातले देव पाण्यात ठेवायचे.

दुसऱ्या दिवशी सुंदराने त्याला विहिरीवर पाठवलं. सकाळी गेलेला माणूस दुपारपर्यंत आला नाही. ती बघायला गेली. भागोजी भरलेल्या घागरीशेजारी मांडी घालून बसला होता.

"अहो, पाणी आणा की!"

"ओलं आहे गं अजून. सुकलं की उचलतो."

सुंदरा विहिरीच्या कठड्यावर टेकली. मग हळूच म्हणाली, "ओलं असलं तरी उचलायचं. उचलायचं आणि तडक घरी आणायचं. कळलं?"

"कळलं."

मग त्याने परड्यातल्या खोपटात मुठी कातायला घेतल्या. इथे मात्र त्याला काही सांगावं लागत नसे. लेथ फिरू लागला, पटाशी शिसवीला लागली आणि काळपट भुसा त्याच्या मांडीवर पडत राहिला. मुठी अशा उतरल्या, की हातात घेतल्यावर खाली ठेवाव्याशा वाटू नयेत. कल्याणीने उसवणीची मूठ गालाला लावली. म्हणाली, "बाबा, गोदाक्का विरघळतील."

राहिलं होतं रोगण. भागोजीने ते नळ्यांवर न सांडता, छान, पातळ लावलं. आणि लावल्या लावल्या तिन्ही मुठी मुठीत धरून तडक घरी पळत आला.

"आणल्या! ओल्याच आणल्या!"

मुठींवर त्याच्या दहा बोटांचे ठसे होते. डाव्या तळव्याला सुईघर चिकटलं होतं, ते तेल लावून सोडवावं लागलं. लग्नाला सहा दिवस उरले होते. भागोजीने सगळं घासून काढलं आणि पुन्हा रोगण लावलं. या वेळी सुंदरा शेजारी उभी होती.

"रंगवलेली वस्तू टांगायची असते. दोरी घ्यायची, वारा लागेल अशा जागी टांगायची. कळलं?"

"कळलं."

मुठी अंगणात दोरीवर डुलत सुकल्या. सुंदर सुकल्या. सुंदराला वाटलं, सुटलो.

हळदीच्या दिवशी कल्याणीला पाटावर बसवून बायकांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत पिवळीजर्द केली. इतक्यात भागोजी खांद्यावर दोरखंड टाकून आला. त्याने मुलीकडे पाहिलं, अंगणातल्या आंब्याकडे पाहिलं, वाऱ्याची दिशा बघितली.

"दोरखंड कशाला, भावोजी?" शेजारच्या यमूवहिनींनी विचारलं.

"रंगवलंय ना. टांगायला नको?"

त्याने फांदीला झोपाळा बांधला, ओली पिवळी नवरी त्यावर बसवली आणि वारा लागेल अशा बेताने झोके देऊ लागला. बायका हसून जमिनीवर लोळायच्या बाकी राहिल्या. कल्याणीने तर उतरायला नकार दिला. फक्त सुंदरा हसली नाही. उद्या गोदाक्का येणार होती.

लग्नाचा दिवस उजाडला. मांडवात पाहुणे बसले. गोदाक्का रुखवताच्या टेबलापाशी आली. टोच्या उचलून पाहिला. सुईघर उघडून पाहिलं.

"दिसतंय छान," ती म्हणाली. "पण शोभेचंच ना? याने काम होतं थोडंच!"

भागोजी जवळच उभा होता. तो घाबरून सुंदराला शोधत गेला. सुंदरा एका हाताने अक्षता वाटत होती आणि दुसऱ्या हाताने कोणाचं तरी रडणारं मूल थोपटत होती.

"अगं, त्या म्हणतात, शोभेचं आहे!"

"मग चालवून दाखवा की! उसवणी घ्या आणि घट्ट शिवण बघून चालवा."

"घट्ट शिवण कुठे असेल?"

"अहो, लग्नघर आहे! जरा मान वर करून बघा, हवं ते दिसेल!"

"कळलं," भागोजी म्हणाला. आणि त्याने मान वर केली.

वर मांडवाचं कापड होतं. दोन मोठे पट्टे मधोमध जाड दोऱ्याने शिवलेले. अशी घट्ट शिवण त्याने जन्मात पाहिली नव्हती. दिवे लावणाऱ्याची शिडी खांबाला टेकलेलीच होती. उसवणी घेऊन भागोजी चढला. पहिला टाका लोण्यासारखा सुटला. पण एका टाक्याने काय कळणार? त्याने हातभर उसवलं. पुढचं त्याला उसवावं लागलं नाही. कापडाच्या वजनाने ते आपसूक गेलं.

सगळा मांडव वऱ्हाडावर बसला. दिसेना कोणी कोणाला. भटजींची शेंडी एका फटीतून बाहेर आली. आणि वरून, शिडीवरून, आनंदाने भरलेला आवाज आला.

"विहीणबाई! चालते हो, चालते!"

मुहूर्त दहा मिनिटांवर होता आणि ऊन डोक्यावर. सगळे ओरडत होते. कल्याणी मुंडावळ्या मागे सारून घरात गेली आणि मशीन घेऊन आली. दिगंबरने न सांगता दुसऱ्या बाजूने कापड धरलं. मशीन धडधडू लागली. दोघांच्या मध्ये ते मांडवाचं कापड. भटजींनी घड्याळ पाहिलं, म्हणाले, "अंतरपाट आहेच, मी सुरू करतो." मंगलाष्टकं संपली तेव्हा शिवणही संपली होती.

गोदाक्काने केसांतली धूळ झटकली. नवी शिवण दोन्ही हातांनी ताणून पाहिली. पुन्हा ताणून पाहिली.

"मशीन गाडीत चढवा," ती म्हणाली. "व्याही असे असतील तर घरात मशीन हवीच." मग ती भागोजीकडे वळली. "व्याहीबुवा, लेकीला भेटायला जरूर या. पण येताना ती उसवणी आणायची नाही. कळलं?"

"कळलं," भागोजी म्हणाला.

पंधरा दिवसांनी तो लेकीच्या सासरी गेला. कल्याणी मशीनवर बसली होती, पण मशीन थांबलेली होती. "गावात अजून कोणाला ठाऊक नाही, बाबा. काम येईल हळूहळू," ती म्हणाली. लेकीला काम नाही, याचं भागोजीला फार वाईट वाटलं. गोदाक्का चहा करायला आत गेली. चहा घेऊन बाहेर आली, तर पडद्याचे दोन, गादीचे दोन, आणि खुंटीवरचा दिगंबरचा लग्नातला कोट, त्याचेही दोन. सगळं मधोमध, अगदी सरळ.

"व्याहीबुवा!" ती किंचाळली. "मी काय सांगितलं होतं?"

भागोजीने रिकामे खिसे उलटे करून दाखवले.

"नाहीच आणली," तो म्हणाला. "म्हणून तर कात्री आणावी लागली."