चोवीस तास पाणी

सांगणारीने तो फ्लॅट पाहिलेला नाही. फोनवरचे बोलणे तेवढे ऐकले आहे.

सुनेत्राला आईसाठी घर हवे होते. आईच्या गुडघ्यांना आता बादली उचलणे झेपत नसे, म्हणून नळाला सदैव पाणी हवे, एवढी एकच अट होती. ऑनलाइन जाहिरातीत ‘चोवीस तास पाणी’ असे ठळक लिहिले होते; फोटोंत मात्र न्हाणीघरातली पिंपे, ओट्याखालच्या कळश्या, बाल्कनीतला टबसुद्धा काठोकाठ भरलेला.

तिने एजंट हरपुड्यांना फोन लावून, एवढी भांडी भरून का ठेवली आहेत, असे विचारले. ते नेमके त्याच फ्लॅटवर होते.

“प्राध्यापिका ना तुम्ही? शंका फार असतात तुम्हा लोकांना,” ते हसले. “अहो ताई, मालकीणबाईंना भांडी भरून ठेवायची हौस! टोकनचे पैसे पाठवा.”

“लगेच पाठवते. फक्त ती पिंपं आत्ता ओतून टाका आणि रिकाम्या पिंपांचा फोटो धाडा. चोवीस तास पाणी आहे, पुन्हा भरायला कितीसा वेळ!”

“त्यात काय, ओततो की!” हरपुडे ऐटीत म्हणाले, आणि मागून मालकीणबाईंचा आवाज कडाडला,

“पिंपाला हात लावाल तर खबरदार! पाणी आता परवाच येणार आहे!”

फोन बंद झाला. सुनेत्राने पुढची जाहिरात उघडली. हरपुड्यांनी तोवर पिंप कलंडवले होते की नाही, हे मात्र अद्याप कळलेले नाही.