एक माणूस कमी

"म्हणजे सेल्वमची किंमत शून्य?"

कादर उस्तादांनी हे विचारलं तेव्हा मी मैदानाच्या कडेला चुन्याची रेघ मारत होतो. दुसऱ्यांचं बोलणं कान देऊन ऐकू नये, कबूल. पण विषय सेल्वमचा निघाला, मग माझा हात थांबला.

"शून्य कुठं म्हणतोय मी?" जयसिंग म्हणाला. "कमी म्हणतोय. गोल नाही, गोलला पास नाही, वर वय पस्तीस. आकडे खोटं बोलत नाहीत, उस्ताद."

हा जयसिंग उस्तादांचाच चेला. खडकीच्या याच मुरमावर त्याचे गुडघे फुटले. आता तो हॉकी लीगमधल्या एका मोठ्या संघाचा मॅनेजर झाला होता. सरावासाठी संघ इथं आणला होता, पण उस्तादांच्या पाया पडतानाही गड्याने काळा चष्मा उतरवला नाही. मला तर तिथंच त्याचा राग आला.

भानगड अशी होती. दुसऱ्या दिवशी संघ सामन्यांसाठी परगावी निघणार होता आणि मालकांचा निरोप आला होता, एक माणूस कमी करा. संध्याकाळपर्यंत नाव कळवायचं होतं. जयसिंगने ते ठरवूनही टाकलं होतं. सेल्वम, सेंटर हाफ, म्हणजे मैदानाच्या मधोमध खेळणारा. आता उस्तादांनी नुसती मान डोलवली की झालं. मग उद्या कुणी बोट दाखवलं तर हा म्हणायला मोकळा, 'उस्तादांनाही पटलं होतं.'

उस्तादांनी मान डोलवली नाही.

"आजच्या सरावाच्या सामन्यात त्याला बाहेर बसव," ते म्हणाले.

"त्याच्या जागी कोण घालू?"

"कुणी नाही. तिकडे अकरा, इकडे दहा."

"आणि मी?"

"तू इथं बस, माझ्याजवळ. ओरडायचं नाही. खुणासुद्धा करायच्या नाहीत."

जयसिंग हसला आणि बाकावर टेकला. संघाचे दोन भाग पडले, सामना सुरू झाला.

सेल्वम बाकापलीकडच्या लिंबाखाली माझ्याशेजारी येऊन बसला. स्टिकची पट्टी सोडायची आणि पुन्हा गुंडाळायची, एवढंच त्याचं चाललं होतं.

"काका, माझ्याबद्दल काही कानावर आलं?"

"मी चुनेवाला माणूस," मी म्हणालो. "मला कोण सांगतंय?"

"पोरगी यंदा दहावीला आहे," तो म्हणाला. "अजून दोन सीझन मिळाले असते तर बरं झालं असतं."

मिळाले असते, म्हणाला. अजून कुणी काढलंही नव्हतं त्याला. मी चुन्याचं घमेलं उचललं आणि बाकामागे जाऊन उभा राहिलो.

मैदानावर लेफ्ट बॅक इम्तियाजने चेंडू अडवला आणि वरही न बघता मध्ये ढकलला. मध्ये कुणीच नव्हतं. समोरच्या पोराला आयता चेंडू मिळाला. तो पळाला आणि गोल झाला.

"अरे, कुणाला दिलास?" गोलकीपर खेकसला.

"सेल्वमला..." इम्तियाज म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

थोड्या वेळाने पुन्हा तेच. या वेळी खुद्द गोलकीपरनेच चेंडू पायाने तिकडे टोलवला. त्याच मोकळ्या जागेत! आता कोण कुणावर खेकसणार?

जयसिंग बाकावरून अर्धा उठला. उस्तादांनी त्याच्या मांडीवर हात ठेवला.

"आंधळे आहेत का हे?" जयसिंग दात ओठ खात म्हणाला. "तो नाही, हे दिसत नाही यांना?"

"तो आहे की नाही हे बघायची सवयच नाही त्यांना," उस्ताद म्हणाले.



तिसरा गोल झाल्यावर कॅप्टन तावातावाने कडेला पळत आला. बाकासमोरून गेला आणि थेट लिंबाखाली थांबला.

"सेल्वम, सांग ना यार, कुणाला मागे खेचू?"

"बाळाला घे. तो पळतो कमी, पण वळून बघतो. आणि इम्तियाजला म्हणावं, घाई नको."

कॅप्टन पळाला. बाळा मागे आला आणि खेळ जरा ताळ्यावर आला. अडलं की मग कुणी ना कुणी लिंबाकडे बघून ओरडायचं. सेल्वम बसल्या जागेवरून हात करायचा. त्याची पट्टी अर्धीच गुंडाळलेली राहिली होती.

जयसिंगने चष्मा काढला. खिशात ठेवला.

"चुकलो, उस्ताद," तो शेवटी म्हणाला. "सेल्वम जाणार नाही."

मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. चुना लागलेल्या हातांनी खरेही जोडले असते, पण बरं दिसलं नसतं.



"पण नाव तर द्यायलाच हवं," जयसिंग म्हणाला. "बाळाला काढू? पोरगा चांगला आहे, पण नवा आहे. की दुसरा गोलकीपर? तुम्हीच सांगा. मला काही सुचेना."

"मालक काय म्हणाले? एक खेळाडू कमी करा?"

"हो." तो थांबला. "म्हणजे... एक माणूस, म्हणाले. पण अर्थ तोच ना?"

"अस्सं..."

मैदानातून पुन्हा आरोळी आली, "सेल्वम! ए सेल्वम!"

उस्ताद खेळाकडेच बघत होते.

"जयसिंग, तू इथं बसल्यापासून... तुला कुणी हाक मारली?"